बातमीचा निबंध का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकला पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, घर निफाड तालुक्यातल्या गावात. सहा 'क'कार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं), उलटा पिरॅमिड (सगळ्यात महत्त्वाचं आधी), इंट्रोचे म्हणजे बातमीच्या सुरुवातीचे प्रकार हे सगळं वर्गात झालंय, परीक्षेत गुणही बरे पडतात. पण बातमी लिहायला बसलं की तिचा निबंध होतो आणि सर कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, परत देताना विचारतात, "यात बातमी कुठाय?" लेखन सुधारायला काय वाचू, कोणता कोर्स लावू, असं तुम्ही विचारलंय. सोबत कांद्याच्या भावावरच्या सरावाच्या बातमीची सुरुवात दिलीत. मला तिच्याबद्दल बरंच बोलायचंय, म्हणून ती इथे पुन्हा देतो:

"शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. मात्र आज हाच पोशिंदा संकटात सापडला आहे. कांद्याला कवडीमोल भाव मिळत असल्याने बळीराजा हवालदिल झाला असून सरकारने याकडे गांभीर्याने लक्ष देण्याची गरज आहे."

मी चोवीस वर्षं या कामात आहे. पहिली आठ वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो, मग जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून छपाईला देणाऱ्या विभागात, उपसंपादक झालो. आता नव्या मुलामुलींच्या कॉपी तपासणं हेच माझं मुख्य काम आहे. तेव्हा जे सांगतोय ते या एवढ्या अनुभवातून.

तुमचा परिच्छेद मी तीनदा वाचला. मराठी शुद्ध आहे, वाक्यं सरळ आहेत, शेतकऱ्याबद्दलची कळकळ खरी आहे. तरी सरांचा प्रश्न बरोबर आहे. या तीन वाक्यांत एकही माणूस नाही, गाव नाही, वार नाही, आकडा नाही. हाच मजकूर वीस वर्षांपूर्वी छापला असता तरी चालला असता. 'कवडीमोल' म्हणजे किती रुपये? 'बळीराजा' म्हणजे कोण, कुठल्या गावचा, किती माल घेऊन आलेला? तो हवालदिल झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? यातलं काहीच वहीत नव्हतं, म्हणून कागदावर विशेषणं आली. वही रिकामी असली की हात आपोआप 'बळीराजा' आणि 'हवालदिल'कडे जातो. तपासलेल्या शेकडो कॉपींमध्ये मी हे पाहिलंय. तुम्हाला अडचण लिहिण्याची वाटते आहे, मला ती आधीची वाटते, माहिती गोळा करण्याची. त्यामुळे माझं उत्तर तुम्ही मागितलेल्या पुस्तकांच्या यादीपेक्षा वेगळीकडे जाईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्हाला दैनिकात जायचंय की टीव्हीवर की वेबसाइटवर, यावर पुढचा सराव बदलेल. टीव्हीला वाक्य कानासाठी लिहावं लागतं, वेबला बातमी दिवसातून चारदा अपडेट करावी लागते. रोज गावाहून नाशिकला ये-जा करत असाल किंवा शिकता शिकता कुठे काम करत असाल, तर आठवड्याला एकच सकाळ मिळेल, तीही पुरते. घरची परिस्थिती बेताची असेल तर पगाराचा विचार आत्तापासून करायला हवा, त्यावर शेवटाकडे बोलतो. पण माहिती गोळा करायची, तपासायची आणि मग लिहायची, हा पाया तिन्हीकडे एकच आहे.

आता कामाचं. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन मोठ्या कांदा बाजारपेठा तुमच्याच तालुक्यात आहेत. मुंबई-दिल्लीचे पत्रकार कांद्याची बातमी करायला जिथे येतात, तिथे तुम्ही एसटीने पोहोचता. वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे हे नाही. तेव्हा माझा पहिला सल्ला असा: पुढचे सहा महिने एकच बीट, म्हणजे बातम्यांचं ठरलेलं क्षेत्र, धरा आणि ते लासलगावची बाजार समिती असू द्या. आठवड्यातली एक सकाळ, ठरलेला वार. बातमी मिळो न मिळो, जायचंच.

पहिल्या दिवशी बातमी लिहायची नाही. लिलाव सुरू होण्याआधी पोहोचा आणि ट्रॅक्टरच्या रांगेच्या कडेला उभे राहा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपुढून दुसरीपुढे सरकतो, कुणी दोन कांदे उचलून पापुद्रा चोळून बघतो, बोली चढते, थांबते, शेतकऱ्याच्या हातात भावाची चिठ्ठी येते. एका ट्रॉलीला मिनिटभरसुद्धा लागत नाही. ज्याने चार महिने पीक सांभाळलं, त्याचा हिशेब त्या तेवढ्या वेळात ठरतो. मग त्या ट्रॅक्टरच्या मागोमाग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात जा, शेतकऱ्याला आधी विचारून. भरल्या गाडीचं वजन होतं, माल खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, हिशेबपट्टी बनते. खाली करताना माल वेगळ्या प्रतीचा निघाला असं म्हणून भाव कमी करायची भाषा झाली, तर त्याला तिथे 'वांधा' म्हणतात. हा शब्द तुम्हाला कुठल्याच वर्गात कुणी शिकवणार नाही, आणि तो माहीत नसेल तर शेतकरी काय सांगतोय हे तुम्हाला कळणार नाही.

वहीत काय उतरवायचं? शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, वय. किती क्विंटल माल, कुठला कांदा, लाल की उन्हाळ. चिठ्ठीवरचा भाव. हिशेबपट्टीवर हमाली-तोलाईचे किती कापले, ट्रॅक्टरचं भाडं किती, हातात रोख किती आले. काढणीला मजूर किती होते आणि त्यांना काय दिलं. शेजारच्या ट्रॉलीला काय भाव निघाला आणि दोन भावांत फरक का पडला, हे त्याच शेतकऱ्याला विचारा आणि मग व्यापाऱ्यालाही विचारा. दोघांची उत्तरं वेगळी येतील. दोन्ही लिहा. हिशेबपट्टी दाखवता का, असं नम्रपणे विचारलंत तर बहुतेक जण दाखवतात; फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या.

दुपारी समितीच्या कार्यालयात जाऊन त्या दिवसाची आवक आणि भाव लिहून घ्या, शिवाय गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराचे. इथे एक खाचखळगा आहे, त्यात नवे लोक हमखास पडतात. बाजार समिती तीन भाव देते: किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव कधीकधी एखाद-दुसऱ्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असतो. तो मथळ्यात टाकला, की 'कांदा तीन हजारांवर' अशी बातमी होते आणि दुसऱ्या दिवशी तीन हजारांच्या आशेने माल घेऊन आलेला माणूस सतराशेला विकून परत जातो. उलट बाजूने किमान भाव तेवढा उचलला, की खराब झालेल्या मालाचा भाव सगळ्या बाजाराचा म्हणून छापून येतो. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तो आधी द्या, मग दोन्ही टोकं सांगा. वाचणाऱ्याचं नुकसान होईल असा आकडा लिहायचा नाही, हे मी माझ्याकडच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतो.

एवढं वहीत आलं की इंट्रो किती सोपा होतो ते बघा. खालचे आकडे मी फक्त सरावासाठी मनाने घेतले आहेत:

"लासलगाव : गेल्या सोमवारी क्विंटलला सरासरी १,४०० रुपयांनी विकला गेलेला उन्हाळ कांदा या सोमवारी ९५० रुपयांवर आला. याच काळात दिवसाची आवक ११ हजार क्विंटलवरून १८ हजार क्विंटलवर गेली, असे बाजार समितीच्या नोंदींवरून दिसते."

आणि दुसरा परिच्छेद: "विंचूर परिसरातील एका शेतकऱ्याच्या २२ क्विंटल कांद्याला ९०० रुपये भाव मिळाला. १९,८०० रुपयांतून ट्रॅक्टरभाडे, हमाली व तोलाईचे २,५०० रुपये वजा जाता त्यांच्या हाती १७,३०० रुपये आले. 'काढणीची मजुरी अजून द्यायची आहे,' असे त्यांनी सांगितले." खऱ्या कॉपीत 'एका शेतकऱ्याच्या' ऐवजी त्याचं पूर्ण नाव येईल.

'पोशिंदा' नाही, 'कवडीमोल' नाही, 'हवालदिल' नाही. मजुरी द्यायची राहिलीय हे एक वाक्य वाचून वाचक काय समजायचं ते समजतो. तुमची कळकळ कुठेही गेलेली नाही, ती आता त्या १७,३०० मध्ये आहे.

तिसऱ्या परिच्छेदात 'का' यायला हवा, आणि तिथेच विद्यार्थी 'सरकारने लक्ष द्यावे' लिहून मोकळे होतात. सरकारने नेमकं काय केलं, कधी केलं, हे माहीत असेल तर तसं लिहावं लागत नाही. कांद्यापुरतं बोलायचं तर ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं. ही पाच वाक्यं वहीच्या मागच्या पानावर कायमची लिहून ठेवा. भाव पडला की लोक लगेच निर्यातधोरणाकडे बोट दाखवतील; त्या वेळी कुठलं धोरण लागू होतं हे तुम्हाला माहीत असेल, तर ते म्हणणं तपासता येईल. कधी ते खरं निघेल, कधी एकाच आठवड्यात सगळीकडचा माल एकदम आल्याने भाव पडलेला असेल. पुष्कळदा दोन्ही कारणं असतात आणि कुठलं किती हे सांगणं कठीण असतं. तसं असेल तर तसंच लिहावं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण वहीत पूर्ण नाव लिहा असं मी वर सहज म्हणून गेलो आणि ते सहज घेण्यासारखं नाही.

वार्ताहर म्हणून मला दीडेक वर्ष झालं असेल. एका रात्री अपघाताची बातमी आली, दुचाकीस्वार जागीच गेला. मी फोनवरून नाव आणि आडनाव घेतलं, गाव घेतलं, बातमी दिली. वडिलांचं नाव विचारलं नाही. त्या गावात त्याच नावा-आडनावाचे दोघे चुलतभाऊ होते, वयातही फार अंतर नव्हतं. सकाळी अंक पोहोचला आणि जिवंत असलेल्याची बहीण सासरहून रडत माहेरी आली. तिचा भाऊ गोठ्यात दूध काढत होता. दुपारी तो स्वतः मला भेटायला आला. ओरडला नाही. अंक पुढे ठेवून एवढंच म्हणाला, "माझ्या बापाचं नाव लिहायला किती जागा लागली असती?"

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापली. ती बहीण मात्र पंचवीस किलोमीटर रडत आली होती, ते कुठल्याच दुरुस्तीने परत घेता येत नाही. त्यानंतर आजतागायत मी नाव घेताना स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, वय आणि गाव, एवढं घेतल्याशिवाय फोन ठेवलेला नाही. घेतल्यावर समोरच्याला वाचून दाखवतो. आपल्याकडे नाव तीन पदरी असतं ते उगाच नाही. एकाच आडनावाच्या गावात माणूस त्याच्या मधल्या नावानेच वेगळा ओळखू येतो. मृत्यूच्या बातमीत तर दुसऱ्या ठिकाणाहून खात्री केल्याशिवाय नाव देऊच नका. एक आवृत्ती उशीर झाला तरी चालेल.

लिहिण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तर माझं खरं शिक्षण एसटीडी बूथमध्ये झालं. तेव्हा तालुक्याहून फॅक्स लागला नाही की बातमी फोनवर सांगायची. पलीकडचे उपसंपादक लिहून घेता घेता मध्येच थांबवायचे. "किती?" "कुणी सांगितलं?" "हे आज झालं की काल?" मीटर पळत असायचा, खिशात पैसे मोजके असायचे, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगायची सवय आपोआप लागली. उलटा पिरॅमिड मला पुस्तकात नंतर भेटला. त्याचं कारणही साधं आहे: पानावर जाहिरात आली, जागा कमी पडली, की डेस्कवरचा माणूस कॉपी खालून कापतो. मुद्दा तळाशी ठेवला असेल तर तोच जातो.

तुम्ही हे आजही करू शकता. बाजारातून परत येताना बसमध्ये बसून घरी फोन लावा आणि आज काय झालं ते एका मिनिटात सांगा. आई मध्येच जे विचारेल ते वहीत लिहा, कारण तेच वाचक विचारणार आहे. तुम्ही फोनवर उच्चारलेलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा इंट्रोच्या जवळचं असतं. "आई, कांदा आठवड्यात साडेचारशेने उतरला," असंच म्हणाल ना? फोनवर कुणी 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' असं सुरू करत नाही.

भाषेत मी एकच गोष्ट सतत दुरुस्त करतो: 'करण्यात आले'. 'रस्त्याचे काम निकृष्ट करण्यात आले', 'निधी मंजूर करण्यात आला', 'झाडे तोडण्यात आली'. कुणी केलं, कुणी मंजूर केला, कुणी तोडली? या क्रियापदामागे कर्ता लपतो, आणि बातमीदाराचं काम तर त्यालाच शोधायचं. तुमच्या कॉपीत जिथे जिथे 'करण्यात आले' येईल तिथे पेन्सिलने गोल करा आणि कर्ता लिहायचा प्रयत्न करा. लिहिता आला नाही तर ती माहिती तुमच्याकडे नाही, फोन करून विचारा. हीच गोष्ट 'सूत्रांनी सांगितले' आणि 'असे बोलले जात आहे' यांची. तालुका पातळीवरच्या बातम्यांत सांगणाऱ्याला खरोखर धोका असेल तेव्हाच नाव झाका, एरवी नाव-पदासकट द्या.

कॉलेजात असताना तुम्हाला कार्यक्रमाच्या बातम्या भरपूर मिळतील. ६ जानेवारीला पत्रकार दिनाचा कार्यक्रम होईल, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केलं तो दिवस. त्याचं वृत्त 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन', 'प्रास्ताविक', 'सूत्रसंचालन', 'आभार' या साच्यात बसवू नका. वक्ता काय नवीन बोलला, सभागृहातून कुणी काय प्रश्न विचारला आणि त्याला काय उत्तर मिळालं, तिथून सुरू करा. उपस्थितांची नावं शेवटच्या ओळीत जातील.

गुन्ह्याच्या बातम्या लगेच करायला जाऊ नका. पण कधीतरी कराव्या लागतीलच, तेव्हा शब्द जपून वापरा. गुन्हा दाखल होणं, अटक होणं, आरोपपत्र दाखल होणं आणि न्यायालयाने दोषी ठरवणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. 'चोरट्याला अटक' असं लिहिलं की निकाल तुम्हीच लावून टाकला. म्हणून मराठी दैनिकं 'संशयित' लिहितात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. पोलिसांनी तोंडी सांगितलेलं त्याच्याशी ताडून बघा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. बालक असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ लागू होतं. नाव टाळलं म्हणजे झालं, असं समजू नका. लहान गावात गल्ली, शाळा, वडिलांचा धंदा, यातलं एक जरी आलं तरी सगळ्यांना कळतं. अशी कॉपी लिहून झाली की त्या गावातल्या माणसाच्या नजरेने पुन्हा वाचा. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन आणि एकच एक कारण, दोन्ही टाळा. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत, त्या वाचा.

कागद वाचायची सवयही आत्ताच लावा. माणसं सांगतात त्यातलं निम्मं कागदावर सापडतं आणि कागद नंतर शब्द फिरवत नाही. तुमच्या ग्रामपंचायतीची ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होते. तिला जा, विषयपत्रिका घ्या, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा. मागच्या वेळी ठराव झालेलं काम या वेळी कुठवर आलं, एवढ्या एका प्रश्नातून पहिली खरी बातमी मिळते. एक उदाहरण पावसाचं. 'तालुक्यात अतिवृष्टी' असं सगळे लिहितात, पण महसूल खात्यासाठी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. एका मंडळात ७१ पडला आणि शेजारच्या मंडळात ५८, तर बांधाच्या अलीकडे-पलीकडे सारखंच नुकसान झालेले दोन शेतकरी सरकारी नोंदीत वेगवेगळ्या रकान्यांत जातात. पर्जन्यमापक कुठल्या गावात बसवलाय, शेतापासून किती लांब, हे जाऊन बघणारा बातमीदार इतरांच्या पुढे जातो. हे सगळं 'बळीराजावर अस्मानी संकट' या मथळ्यात कधीच येत नाही.

माहितीचा अधिकारही वापरून बघा. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो, ही अट लेखनाच्या सरावाला चांगलीच आहे. 'संपूर्ण माहिती द्यावी' असं मागू नका. कुठल्या कामाची, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला कागद, हे नेमकं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं.

कोर्स आणि पुस्तकांबद्दल थोडक्यात: पदवी चालू असताना वेगळा कोर्स लावायची गरज मला दिसत नाही. वाचायचं असेल तर रोज दोन दैनिकांतली एकच बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काय, आणि ते त्या बातमीदाराला कुठून मिळालं असेल, याचा विचार करा. तुमची बातमी कुठे छापून आली तर मूळ कॉपी आणि छापील बातमी दोन्ही वहीत चिकटवा. डेस्कने काय कापलं, इंट्रो का बदलला, हे पाहिलंत की फुकट शिकवणी मिळते.

राहिला पैशाचा विषय. तालुका पातळीवर पुष्कळ ठिकाणी वार्ताहराला मानधन तुटपुंजं असतं आणि जाहिराती आणायची अपेक्षा असते. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात घेतली त्याच्याविरुद्धची बातमी देताना हात जड होतो, हे मी जवळून पाहिलंय. नोकरी धरताना हे आधीच स्पष्ट विचारा. घरची गरज असेल तर भाषांतर, मुद्रितशोधन, व्हिडिओ संपादन यापैकी एखादं कौशल्य जोडीला ठेवा, म्हणजे नको तिथे मान तुकवावी लागणार नाही. शिकत असतानाच्या सरावाला मात्र यातलं काहीच आडवं येत नाही; बाजार समितीत उभं राहायला कुणाचं ओळखपत्र लागत नाही. मी विद्यार्थी आहे, शिकायला आलोय, असं खरं सांगा. हमालापासून सचिवांपर्यंत लोक वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

तुमची तीच कांद्याची बातमी फेकून देऊ नका. पुढच्या आठवड्यात लिलावाला जा, एक ट्रॉली निवडा आणि ती रांगेत लागल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडेपर्यंत तिच्याबरोबर राहा. मग कॉपी पुन्हा लिहा, तीनशे शब्दांत, एकही 'करण्यात आले' न वापरता. मला पाठवाल तेव्हा वहीच्या त्या पानांचा फोटोही पाठवा. मी कॉपीच्या आधी ती पानं बघेन.